व्हॅनमागे घर जोडायचे तर

नोव्हेंबर उजाडला की सोलापूर जिल्ह्याच्या रस्त्यांवरून घरे जाताना दिसतात. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बांबूंची मोळी, गुंडाळलेली ताडपत्री, पत्र्याची पेटी, निळा ड्रम, गोधड्यांची बोचकी, कोंबड्यांचे डालगे, कोपऱ्यात बांधलेली शेळी आणि या सगळ्याच्या वर बसलेली दोन-तीन पोरे. बीडकडून निघालेले ऊसतोड कुटुंब माढा, माळशिरस किंवा मोहोळकडच्या एखाद्या कारखान्याला चाललेले असते. चार-पाच महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत काढायचे आणि हंगाम संपून पट्टा पडला की तोच संसार पुन्हा ट्रॉलीत चढवायचा. गाडीमागे घर ओढणे या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको.

हौसेने घर ओढू पाहणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो. त्यांना हवा असतो छोटा कॅम्पर ट्रेलर. आत दोघे-तिघे झोपतील एवढी गादी, मागचे झाकण उचलले की छोटा ओटा, छतावर सोलर पॅनेल, बाजूला ताणायचे कापडी छत. दारात सात आसनी व्हॅन उभीच आहे, मागे हूक लावला की झाले, असे वाटते. हूक लावून देणारेही शोधावे लागत नाहीत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपासून तालुक्याच्या गावांपर्यंत ट्रॉली बांधणारी वर्कशॉप आहेत, आणि दुपारपर्यंत हूक बसवून देणारा वेल्डर तिथे सहज भेटेल. खरे तर या सगळ्या प्रकरणात हूक हाच सर्वात सोपा भाग. घोडे अडते ते वजनाशी, ब्रेकशी आणि कागदांशी.

सरकारी कागदावर ही हौस मान्य आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कॅराव्हॅन उभ्या करण्यासाठी पार्क, त्यात पाणी, वीज, स्वच्छतागृह, उभारणाऱ्यांना सवलती, असे त्याचे स्वरूप. कॅराव्हॅन म्हणजे काय याची यादी करताना एका आसाचे आणि दोन आसांचे ट्रेलर, घडीचे ट्रेलर, तंबूचे ट्रेलर आणि कॅम्पर ट्रेलरही त्यात धरले गेले. केरळने त्याच वर्षी आपले धोरण जाहीर केले. दोन्हीकडे रस्त्यावर ज्या गाड्या दिसल्या त्या मुख्यत्वे मोटर कॅराव्हॅन, म्हणजे ट्रॅव्हलर किंवा बसच्या चासीवरच बांधलेले घर. त्यांच्यासाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे, भाड्याने देणाऱ्या कंपन्या आहेत, चालकही मिळतो. घरच्या गाडीने ओढायचा ट्रेलर मात्र धोरणाच्या यादीतच राहिला.

जगात हे उलट घडले. हौसेसाठी बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून जिचे नाव घेतात ती ‘वाँडरर’ १८८५ मध्ये इंग्लंडात गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टरसाठी तयार झाली. वजन सुमारे दोन टन, ओढायला घोडे. मोटारी आल्या, घोडे सुटले आणि घर मागेच राहिले. अमेरिकेत १९३०च्या दशकात थेंबाच्या आकाराचे छोटे ट्रेलर लोक घरच्या अंगणात बांधू लागले. दोन माणसांची झोपायची जागा आणि मागे स्वयंपाकाचा ओटा हा त्यांचा साचा आजही तसाच आहे. आपल्याकडे लहान गाडीमागचा दोनचाकी ट्रेलर आला तो लष्करी जीपबरोबर. त्या पावटनी ट्रेलरचे रिकामे वजन अडीचशे किलो आणि माल साधारण सव्वादोनशे किलो. म्हणजे भरून जेमतेम पावणेपाचशे. ओढणारी जीप त्याच्या दुपटीहून जड आणि शिडीसारख्या पोलादी चासीवर उभी. हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढचा सगळा प्रश्न त्याच्याभोवती फिरतो.

अमेरिकेतल्या मराठी घरांसमोर सिएना, ओडिसी किंवा पॅसिफिका उभी असते. तिकडच्या नातेवाइकाने सुट्टीत मिनीव्हॅनमागे ट्रेलर लावून काढलेला फोटो आला की इकडच्याला वाटते, आपली व्हॅन काय वाईट आहे? वाईट नाही, ती वेगळी गाडी आहे. टोयोटा सिएनाला तिकडे ३५०० पौंड, म्हणजे जवळपास १५९० किलो ओढण्याची कंपनीची परवानगी आहे आणि क्रायस्लर पॅसिफिकाला योग्य सामग्रीसह ३६०० पौंडांची. पण सिएना स्वतःच दोन टनांच्या वर भरते. आपली मारुती ईको साडेनऊशे किलोच्या आसपास, १२०० सीसीचे इंजिन आणि ८० अश्वशक्तीच्या घरातली ताकद. दोघींना ‘मिनीव्हॅन’ म्हणणे म्हणजे टमटमला आणि एसटीला ‘प्रवासी वाहन’ म्हणण्यासारखे. शब्द बरोबर, हिशेब चुकीचा.

आकडा कुठे पाहायचा? गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच प्रवासी गाड्यांच्या पुस्तिकांत ट्रेलर ओढण्याची शिफारस नाही, असे सरळ लिहिलेले असते. काहींत या विषयावर अवाक्षर नसते. जिथे आकडा छापलेला नाही तिथे तो शून्य धरावा. त्याच नावाची गाडी दुसऱ्या देशात अमुक इतके ओढते, हा पुरावा चालत नाही. तिथली रेडिएटरची क्षमता, ब्रेक, मागच्या स्प्रिंगा आणि हूक बसवायच्या जागेची मजबुती वेगळी असू शकते.

तरीही गाड्यांत फरक आहे आणि तो समजून घ्यायला हरकत नाही. ईको मागच्या चाकांवर चालते, हा ओढण्याच्या दृष्टीने तिचा एक गुण. मागे भार पडला की चालणाऱ्या चाकांची पकड वाढते. पण वजन आणि ताकद दोन्ही कमी. एर्टिगा पुढच्या चाकांवर चालते. मागे भार आला की तिची पुढची चाके हलकी होतात आणि पावसात घाट चढताना तीच जागच्या जागी फिरू लागतात. इनोव्हा क्रिस्टाला शिडीची चासी, डिझेल इंजिन, मागच्या चाकांना गती आणि सुमारे १८०० किलो वजन. तिच्यानंतर आलेली हायक्रॉस त्याच घरातली असली तरी तिला स्वतंत्र चासी नाही आणि ती पुढच्या चाकांवर चालते. सोलापूरच्या रस्त्यावर दिसणाऱ्या कौटुंबिक व्हॅनांत बांधणीच्या दृष्टीने ओढण्याच्या कामाला जवळची वाटते ती क्रिस्टाच. कंपनीच्या लेखी होकाराची गरज मात्र तिलाही आहे.

आता वजन. हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक टाळतात, आणि इथेच फसतात.

पोलादी चौकट, प्लायवूडची पेटी, आस, चाके धरून स्थानिक वर्कशॉपमध्ये बांधलेला छोटा ट्रेलर रिकामा ३५० किलो झाला असे समजू. गादी आणि पांघरुणे २५ किलो. सोलापुरी चादरी दोन-चार जास्तच घेतल्या जातात. पाण्याची टाकी ६० लिटर, म्हणजे ६० किलो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस, रिकाम्या टाकीसह तो तीस किलोच्या आसपास. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी ५५ किलो. भांडी, शिधा, शेगडी ४० किलो. ताडपत्री, खांब, खुर्च्या २० किलो. बेरीज ५८० किलो. यात सायकल नाही, कूलर नाही, आणि तुळजापूरहून परतताना भरलेले काही नाही.

युरोपचा नियम लावून पाहू. ब्रेक नसलेला ट्रेलर तिकडे कमाल ७५० किलोचा आणि गाडीच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त नको. साडेनऊशेच्या गाडीला निम्मे म्हणजे ४७५. आपला ट्रेलर ५८०. ईको इथेच बाद झाली. क्रिस्टाचे निम्मे ९००, पण ७५०ची मर्यादा आधी लागते; म्हणजे युरोपच्या मापाने ती तरते. तिथेही गाडीच्या कंपनीने दिलेला आकडा यापेक्षा कमी असेल तर तोच अखेरचा.

दुसरे वजन असते हुकावरचे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा काही भाग दांडीच्या टोकाने गाडीच्या हुकावर टेकला पाहिजे. अमेरिकेत हा भाग १० ते १५ टक्के ठेवतात, युरोपात त्याहून कमी. ५८० किलोच्या ट्रेलरला तो ५८ ते ८७ किलो येतो. एक धडधाकट माणूस सतत मागच्या बंपरवर उभा आहे, असे समजावे. आणि तो माणूस मागच्या चाकांच्याही मागे उभा आहे, हा खरा घोळ. ईकोच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २३५० मिलिमीटर. हूक मागच्या आसाच्या मागे ९० सेंटिमीटर धरला आणि त्यावर ७० किलो टेकवले, तर मागच्या चाकांवर ७० नव्हे, जवळपास ९७ किलो वाढतात; वरचे २७ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. स्टिअरिंग हलके लागते, रात्री हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांवर जातो.

हे सोलापूरकराला आकड्यांशिवायही कळते. दोनचाकी ट्रॉलीत ऊस मागेपुढे बेताने भरला नाही आणि चढ लागला, तर ट्रॅक्टर उभा राहतो. पुढची चाके हवेत, चालक वर टांगलेला. ट्रॉली भरणारे मजूर म्हणूनच मोळ्या कुठे रचायच्या याबाबत आग्रही असतात. व्हॅन ट्रॅक्टरसारखी उभी राहणार नाही, पण तिची पुढची चाके तोच विचार करत असतात.

मग सगळे सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला टाकून हुकावरचा भार कमी केला तर? तिथे दुसरे संकट टपलेले आहे. मागे जड झालेला ट्रेलर वेगात डुलायला लागतो. आधी थोडा, मग प्रत्येक हेलकाव्यात जास्त, आणि शेवटी तोच गाडीला हलवू लागतो. पुणे-सोलापूर महामार्गावर शेजारून भरधाव बस गेली की तिच्या हवेचा धक्का पहिल्या हेलकाव्याला पुरतो. अशा वेळी जोरात ब्रेक दाबणे आणि स्टिअरिंगने झुंजणे, दोन्ही घातक. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचे आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. खरा उपाय निघण्याआधीचा असतो: जड वस्तू खाली आणि आसाच्या अगदी वर किंवा किंचित पुढे. पाण्याची टाकी आणि बॅटरी मागच्या ओट्याखाली ठेवायची सोय आकर्षक दिसते, पण ती मोडीत काढावी.

मोजायचे कसे, याचे उत्तर जिल्ह्यात पावलोपावली आहे. मार्केट यार्डाच्या आसपास, कारखान्यांच्या बाहेर, महामार्गाच्या कडेला वजनकाटे आहेत. माणसे आणि सामान भरलेली गाडी एकटी, भरलेला ट्रेलर एकटा, मग जोडलेल्या अवस्थेत फक्त गाडीची पुढची चाके काट्यावर, मग फक्त मागची. चार पावत्या घेतल्या की अंदाजाला जागा उरत नाही. हुकावरच्या भारासाठी हा काटा जाडाभरडा पडतो. तो पाच-दहा किलोंच्या टप्प्याने वाचतो. त्यासाठी घरातला माणसाच्या वजनाचा काटा दांडीच्या टोकाखाली, हुकाच्या उंचीइतका लाकडी ठोकळा देऊन ठेवावा. ऊस उत्पादकांचा काट्यावर पूर्वापार संशय असतो. इथे काटा मारायला दुसरे कुणी नाही. मारला तर स्वतःलाच.

ट्रॉलीचा अनुभव इथपर्यंत कामाला येतो. पुढे तोच दिशाभूल करतो.

ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून पंधरा-वीस टन ओढतो, हे रोजचे दृश्य. त्याची जोडणी म्हणजे कडी आणि उभी पिन. कडीत पिनेला भरपूर सैल जागा असते, त्यामुळे सुटताना आणि थांबताना हिसका बसतो. ताशी वीस किलोमीटरला तो हिसका ट्रॅक्टरचे ओतीव अंग पचवते. व्हॅनचे अंग पत्र्याचे. ताशी साठला प्रत्येक खड्ड्यावर आणि गतिरोधकावर बसणारा तोच हिसका मागच्या पत्र्याला हळूहळू तडे पाडतो. म्हणून प्रवासी गाडीला गोळा आणि त्यावर घट्ट बसणारी वाटी अशी जोडणी हवी. युरोपात हा गोळा ५० मिलिमीटरचा. हूक बंपरला लावायचा नसतो. पत्र्याच्या आत चासीसारखे काम करणाऱ्या दोन लांब पट्ट्यांना, दोन्ही बाजूंनी अनेक बोल्टांनी आडवी तुळई बसवायची आणि गोळा तिच्यावर. तिथे वेल्डिंगपेक्षा बोल्ट बरे, कारण तापलेल्या पातळ पत्र्याची ताकद जाते आणि जोड वरून छान दिसत राहतो. गोळ्याखाली दोन साखळ्या फुलीसारख्या एकमेकींना ओलांडून बांधतात. वाटी निसटली तरी दांडी त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही.

ब्रेकच्या बाबतीत ट्रॉलीकडे पाहूच नये. उसाच्या ट्रॉलीला चालू अवस्थेतला ब्रेक क्वचित सापडतो आणि सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. हे खपते ते केवळ वेग कमी म्हणून. साठवरून ऐंशीवर गेलो तर वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण थांबवताना जिरवावी लागणारी ऊर्जा पावणेदोन पटींहून थोडी जास्त होते. व्हॅनचे ब्रेक तिच्या स्वतःच्या भरलेल्या वजनापुरते बनवलेले असतात. तुळजापूरच्या घाटात उतरताना मागून ५८० किलो रेटत असतील तर ते तापतात, पायाखाली पेडल मऊ लागते आणि मग लागतच नाही.

ट्रेलरला स्वतःचा ब्रेक देण्याच्या दोन रीती जगात रुळल्या आहेत. एक विजेची: गाडीचा ब्रेक दाबला की ट्रेलरच्या ड्रममधले विद्युतचुंबक ओढले जातात, आणि चालकाजवळच्या बटणाने फक्त ट्रेलरचा ब्रेकही लावता येतो. डुलणाऱ्या ट्रेलरला सरळ करण्याचा हा उत्तम मार्ग. दुसरी निव्वळ यांत्रिक. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो; त्या रेट्याने दांडीतला सरकता भाग मागे जातो, केबल ओढली जाते आणि ड्रम आवळतात. यात विजेचा संबंध नाही आणि दुरुस्ती कुठल्याही जाणत्या मिस्त्रीला जमेल अशी. सोलापुरात ट्रेलर बांधून घ्यायचा तर ही दुसरी रीत शहाणपणाची. सोबत एक पातळ तार गाडीला अडकवलेली असावी: ट्रेलर सुटलाच तर ती ताणली जाऊन ट्रेलरचा ब्रेक लावते आणि मग तुटते.

दिव्यांबद्दल थोडक्यात. अंधारात थांबलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळल्याची बातमी दर हंगामात या भागातल्या वर्तमानपत्रांत असते, आणि दर हंगामात आरटीओ व कारखाने रिफ्लेक्टर चिकटवण्याच्या मोहिमा काढतात. कॅम्पर ट्रेलरला टेललाइट, ब्रेकलाइट, दोन्ही इंडिकेटर, नंबरप्लेटचा दिवा आणि चहूबाजूंनी चमकपट्टी हवीच. नव्या गाड्यांत मूळ वायरिंगला थेट जोड देऊ नये. त्यांचे संगणक जादा दिव्याला बिघाड समजतात. वेगळा रिले, वेगळा फ्यूज आणि अर्थिंगची स्वतंत्र वायर द्यावी. गोळ्यातून अर्थिंग मिळेल या भरवशावर राहिले की खड्ड्यागणिक इंडिकेटर डोळा मारतो.

उन्हाचा मुद्दा सोलापूरला जरा जास्त बोलावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३च्या पुढे जाणारे हे शहर, आणि शाळांच्या सुट्ट्याही तेव्हाच. तापलेल्या रस्त्यावर कमी हवेचा, जास्त भाराचा टायर फुटायला निमित्त लागत नाही. टायरच्या बाजूवर भाराचा क्रमांक असतो. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, ९१ म्हणजे ६१५. बाजूलाच चार आकड्यांत बनावटीचा आठवडा आणि वर्ष कोरलेले असते. ट्रेलर वर्षातून चार वेळाच फिरतो, त्यामुळे नक्षी झिजत नाही, रबर मात्र म्हातारे होते. नक्षी पाहून टायर चांगला समजण्याची चूक ट्रेलरवाले हटकून करतात. हबच्या बेअरिंगचेही तसेच. हंगामाआधी ग्रीस बदलायचे आणि पहिल्या थांब्यावर हबला हात लावून पाहायचा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर तिथेच थांबायचे. इंजिनाचे म्हणाल तर सोलापूरची उंची साडेचारशे मीटरच्या आसपास आणि ४५ किलोमीटरवरचे तुळजापूर साडेसहाशेच्या घरात, बालाघाटच्या डोंगरकडेला. चढ मोठा नाही, पण भर दुपारी, एसी लावून, मागे घर ओढत चढायला तो पुरेसा आहे. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचे तेल आधी तापते. पहाटे निघणे हा सर्वात स्वस्त कूलर.

राहिले कागद. मोटार वाहन कायदा ट्रेलरला वाहन मानतो. कलम ६१ प्रमाणे त्याची नोंदणी वेगळी होते, त्याचा क्रमांक त्याच्या अंगावर असतो आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही ट्रेलरच्या मागे दिसावा लागतो. म्हणजे एमएच-१३ ची व्हॅन असेल तर मागच्या घरावर दोन क्रमांक आले. कलम ५२ आणखी कडक आहे: कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर बोट ठेवून तसे बदल अमान्य ठरवले. त्याआधी, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने गाड्यांच्या पुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध राज्यांना कारवाई करायला सांगितले होते. मागे वेल्ड केलेला हूक त्या गार्डचाच भाऊबंद ठरण्याचा संभव आहे, हे गृहीत धरूनच आधी लेखी विचारणा करावी.

परवान्याची बाजू त्या मानाने सुकर आहे. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडल्याने चालकाचा ट्रॅक्टरचा परवाना निरुपयोगी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच म्हटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७५०० किलोंपर्यंतचे व्यावसायिक वाहनही चालवता येते, यावर शिक्कामोर्तब केले. दोन्ही निकालांचे मूळ विमा कंपन्यांनी नाकारलेल्या भरपाईत होते, हे सूचक आहे. विम्यात ट्रेलरची वेगळी नोंद नसेल आणि गाडीतला बदल कळवलेला नसेल, तर अपघातानंतरचा पहिला पत्रव्यवहार त्यावरच होणार. आणि ऊसतोड पोरांचे ते चित्र इथे विसरायचे: चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, झोपलेले मूलसुद्धा नाही.

समजा हे सगळे जमले. घर घेऊन उभे कुठे राहायचे? धोरणातले पार्क जिल्ह्यात ठिकठिकाणी सापडतील अशी आशा धरू नये. पण मोठ्या तळाचा अनुभव म्हणाल तर सोलापूर जिल्ह्याइतका तो फार थोड्यांना असेल. आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेपलीकडे ६५ एकराच्या तळावर दिंड्यांना जागा आखून दिल्या जातात. पाणी, वीज, शौचालये, आरोग्यकेंद्र उभे राहते आणि ट्रकांमागून ट्रक येऊन राहुट्या पडतात. दिंडीचा ट्रक हे चालते स्वयंपाकघर आणि कोठार, मागे पाण्याचा टँकर. वारी नसलेल्या महिन्यांत अशा सोयींचा एक लहानसा कोपरा, वीस गाड्यांपुरता, शुल्क घेऊन कॅराव्हॅनना देता आला तर धोरणाला पत्ता मिळेल. तोवर अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरच्या भक्तनिवासांची आवारे किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचा मळा, एवढेच पर्याय. मळ्यात ट्रेलर उलटा घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवले की ट्रेलर उजवीकडे जातो. चारदा फसल्यावर शेजारचा ट्रॅक्टरवाला हसत येतो आणि एका झटक्यात लावून देतो.

तर आजच्या घडीला सोलापूरच्या कुटुंबाने काय करावे? ईको, एर्टिगा आणि त्यांच्या तोलाच्या गाड्यांमागे झोपायचे घर जोडू नये. त्याच गाडीच्या मागच्या जागेत, आसनांना हात न लावता, उचलून काढता येणारा फळ्यांचा पलंग आणि बाहेर ताणायचे छत केले तर नव्वद टक्के हौस भागते आणि एकही अर्ज करावा लागत नाही. वर्षातून एकदाच जायचे असेल तर मोटर कॅराव्हॅन भाड्याने घ्यावी. ट्रेलरच हवा असेल तर गाडी चासीची आणि जड हवी, ट्रेलर भरून पाचशे किलोंच्या आत हवा, त्याला स्वतःचा ब्रेक हवा आणि वेग साठच्या पुढे नको. वेल्डरला विसार देण्याआधी दोन कागद हातात घ्यावेत: गाडीच्या कंपनीचे ओढण्याच्या वजनाबद्दलचे लेखी उत्तर, आणि नियोजित ट्रेलरचा आराखडा जोडून केलेल्या अर्जाची आरटीओची पोच.